भिंतीपलीकडचा श्रोता

तुळशीची लग्ने आटोपली की वऱ्हाडात लग्नसराईची चाहूल लागते. सोयाबीन विकून झालेले असते, कापसाची वेचणी चालू असते, तूर शेंगांनी वाकलेली असते आणि शेतकऱ्याच्या हातात वर्षातून एकदाच दिसणारे चार पैसे आलेले असतात. अशाच दिवसांत धनजहून मला एक फोन आला. धनज हे वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले गाव. तिथला एक मुलगा पूर्वी आमच्या वसतिगृहात राहून शिकला होता. आता तो बावीस-तेवीस वर्षांचा झाला आहे. क्षेमकुशल झाल्यावर थोडा थांबून तो म्हणाला, “फादर, मले डीजे चालू कराचा हाय. बाबा म्हणते, फादर हो म्हणतीन तरच पैसे देईन.”

डीजेच्या व्यवसायाला होकार देण्यासाठी एका धर्मगुरूला बोलावणे यावे, याचे मला प्रथम हसू आले. परंतु त्याच्या बोलावण्यामागे कारण होते. सेमिनरीत असताना माझे नाव प्रवचनापेक्षा ध्वनिक्षेपकासाठीच अधिक घेतले जाई. अहुजाचा अॅम्प्लिफायर, दोन भोंगे, उंच दांड्याचा मायक्रोफोन आणि कॅसेटचा डेक हा सारा संसार सणावारी माझ्या ताब्यात असे. पुढे वसतिगृहाची जबाबदारी आली, तेव्हा तिथेही ते खाते माझ्याकडेच राहिले आणि सातवीतला हा मुलगा माझा मदतनीस झाला. वायर कोपराभोवती करकचून गुंडाळायची नाही, तिच्या मूळच्या वळणाने सैल वेटोळे करायचे, हे मी त्याला शिकवले होते. त्याने ते इतके मनावर घेतले, की पुढे आयटीआयमध्ये जाऊन तो इलेक्ट्रिशियन झाला.

एका शनिवारी दुपारी मी धनजला पोहोचलो. टिनपत्र्याचे घर, पुढे सारवलेले अंगण आणि उजव्या हाताला शेजारच्या घराशी सामाईक असलेली भिंत. वडील बाजेवर बसले होते. चहा झाल्यावर मुलाने घडी घातलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. चार बेस, चार टॉप, तीन अॅम्प्लिफायर, जनरेटर, रंगीत दिवे आणि हे सारे वाहून नेण्यासाठी एक जुनी पिकअप गाडी, अशी ती यादी होती. सामान वापरलेले, तरी त्याची किंमत त्या घराला पेलणारी नव्हती. चार एकरांपैकी दोन एकर गहाण टाकायचे, आईची पोत मोडायची आणि उरलेले हप्त्यांनी फेडायचे, असा त्याचा हिशेब होता.

“वावर गहाण गेलं त हातात काय राहीन, फादर?” वडिलांनी विचारले. आई दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही.

मी मुलाला एवढेच विचारले, “आजवर तुला बोलावणी किती ठिकाणची आली?” त्याने बोटांवर मोजून सांगितले, तीन. एक बारसे, एक वाढदिवस आणि एक साक्षगंध. तिन्ही घरगुती, अंगणात मांडव घालून होणारी. माणसे पन्नास ते पाऊणशे. वरातीसाठी परिसरात बँड होते, धुमाल पार्ट्या होत्या, मोठमोठ्या गाड्या घेऊन फिरणारे डीजेवाले होते. घरातल्या लहान समारंभासाठी मात्र कोणी नव्हते. ही गरज त्या मुलाच्या नजरेने बरोबर टिपली होती. फक्त यादी करताना त्याच्या डोळ्यांपुढे अंगण नव्हते, वरात होती. “मग पाऊणशे माणसांसाठी ही आठ खोकी कशाला?” मी म्हणालो. तो ओशाळून हसला. मी खिशातून पेन्सिल काढली.

पहिला हिशेब आवाजाचा होता. विजेच्या बिलात दुप्पट म्हणजे दुप्पटच असते. कानाचे गणित वेगळे असते. शंभर वॅटचे दोनशे वॅट केले, तर आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. एवढा फरक कानाला जाणवतो, पण फार नाही. आवाज ऐकणाऱ्याला दुप्पट मोठा वाटायचा, तर सुमारे १० डेसिबलची वाढ लागते आणि तिच्यासाठी शक्ती दहापट लागते. उलट, मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. तेव्हा नाचणाऱ्यांच्या जवळ ठेवलेला मध्यम स्पीकर हा दूर रस्त्यावर रचलेल्या राक्षसी भिंतीपेक्षा अंगणात अधिक कामाचा ठरतो. खोक्यावर छापलेल्या ‘पीएमपीओ’च्या हजारोंच्या आकड्यांना भुलू नये, स्पीकर सतत किती शक्ती पेलतो, हे सांगणारा ‘आरएमएस’चा आकडा तेवढा पाहावा.

मग आम्ही दोघांनी मिळून दुसरी यादी केली. असा उद्योग मनात असलेली मुले आपल्याही गावात असतील, म्हणून ती इथे सविस्तर देतो.

पहिली वस्तू कंट्रोलर. दोन बाजूंना दोन फिरत्या चकत्या, मध्ये मिक्सर आणि पोटातच साउंड कार्ड, असे हे आटोपशीर यंत्र लॅपटॉपला जोडले की काम सुरू होते. पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ किंवा हर्क्युलीसच्या इनपल्स मालिकेतला एखादा, असा दोन चॅनलचा कंट्रोलर नवशिक्याला पुरेसा आहे. प्रत्येक बाजूला आवाजाची स्वतंत्र पट्टी, खर्ज, मध्य व तार अशा तिन्ही स्वरपट्ट्यांची वेगळी बटणे, गाण्याचा वेग बदलण्याची सोय आणि हेडफोनची जागा, एवढे त्यात असले म्हणजे झाले. वापरलेला घ्यायचा तर प्रत्येक पट्टी वरखाली करून पाहावी. खरखर आली तर तो सोडून द्यावा. सोबत मिळणारे प्राथमिक सॉफ्टवेअर पहिल्या वर्षाला पुरते.

लॅपटॉप जुना चालेल, परंतु गाणी त्याच्या डिस्कवरच असावीत. खेड्यातले इंटरनेट ऐन गाण्याच्या मध्यावर दगा देते. त्याच गाण्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर खिशात असावी. हेडफोन कान पूर्ण झाकणारा असावा, कारण चालू गाण्याच्या कल्लोळात पुढचे गाणे त्यातच ऐकायचे असते. स्पीकर दोनच, बारा इंची, ज्यांच्या पोटातच अॅम्प्लिफायर असतो असे, आणि त्यांच्यासाठी दोन स्टँड. स्पीकर माणसांच्या डोक्यांच्या वर गेला, की आवाज कमी ठेवूनही शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचतो. बेसचे वेगळे खोके पहिल्या वर्षी घ्यायचे नाही, हे मी अधोरेखित केले. लांब अंतरासाठी एक्सएलआर जोडाच्या बॅलन्स्ड वायरी घ्याव्यात, कारण त्या घरघर ओढून घेत नाहीत. प्रत्येक वायरीची एक जादा जोडी पेटीत असावी.

विजेचा भाग मी त्याच्याकडून शिकलो. सगळी ध्वनियंत्रे शक्यतो एकाच बोर्डावरून चालवावीत, म्हणजे अर्थिंगच्या फेऱ्यातून येणारी घरघर टळते. घरघर थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे लोक आहेत. ते घरघर घालवून मरण पत्करतात. सारवलेल्या ओल्या अंगणात, गळणारी वीज ओळखून प्रवाह तोडणारे आरसीसीबी लावल्याशिवाय मायक्रोफोन कोणाच्या हाती देऊ नये. चालू करताना स्पीकर सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी, म्हणजे मोठा धक्का बसून पडदे फाटत नाहीत. मिक्सरवरचा लाल दिवा म्हणजे शाबासकी नव्हे. आवाज फाटू लागल्याची ती सूचना आहे. दिवा हिरव्यावर ठेवावा, क्वचित नारिंगीला शिवू द्यावा.

नवी यादी पूर्ण झाली, तेव्हा पहिल्या यादीतली पिकअप गाडी, जनरेटर आणि आठही खोकी गळून पडली होती. सामान ओळखीच्या रिक्षात मावणारे होते. वडिलांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला. मुलाचा चेहरा मात्र उतरला होता. “फादर, एवढ्याशा सामानाले लोक डीजे म्हणतीन का?” त्याने विचारले.

प्रश्न रास्त होता. ‘डीजे’ या शब्दाला आपल्याकडे खोक्यांच्या भिंतीचाच अर्थ चिकटला आहे. मुळात ‘डिस्क जॉकी’ म्हणजे तबकडी निवडून ती लोकांना ऐकवणारा माणूस. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू करणारे अमीन सयानी हे या अर्थाने आपल्या कानांना भेटलेले मोठे निवेदक. २०२४ च्या फेब्रुवारीत ते गेले, तेव्हा अनेक घरांत आपलेच कोणी गेल्यासारखे वाटले. त्यांच्याजवळ भिंत नव्हती. आवाज होता, निवड होती आणि ऐकणाऱ्याविषयी आदर होता.

घरगुती समारंभात गाणी लावण्याची जी कथा आज जगभर सांगितली जाते, तीही एका घराचीच आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, रहिवाशांसाठी असलेल्या खोलीत एक पार्टी झाली. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे उभे करण्यासाठी तिने हाताने निमंत्रणे लिहिली आणि अल्प प्रवेशशुल्क ठेवले. गाणी लावण्याचे काम तिचा भाऊ क्लाइव्ह याने केले. जमैकातून आलेल्या त्या स्थलांतरित कुटुंबाच्या मुलाला पुढे जग ‘डीजे कूल हर्क’ म्हणून ओळखू लागले आणि हिप-हॉप संगीताचा जन्म लोक त्या रात्रीपासून मोजू लागले. त्याचे वेगळेपण कशात होते? नाचणाऱ्यांकडे पाहता पाहता त्याच्या ध्यानात आले, की गाण्यात गायन थांबून केवळ ताल उरतो, त्या तुकड्याची मुले वाट पाहत असतात. म्हणून एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढा तुकडाच लांबवू लागला. त्याचे शोधक यंत्र त्याच्या डोळ्यांत होते. मी हे सांगत असताना मुलगा सरसावून बसला. बहिणीच्या कपड्यांसाठी निघालेला उद्योग त्याला आपल्याच घरातला वाटला असावा.

पश्चिम महाराष्ट्रात याच खोक्यांच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. हे नाव ज्यांचे, ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून आपल्याच देशात होते. इथून परतल्यावर १९६५ साली लंडनमध्ये त्यांनी आपली प्रयोगशाळा काढली. तिचे पहिले प्रसिद्ध संशोधन कोणते? ध्वनिमुद्रणातली नको असलेली खरखर कमी करण्याची पद्धत. गोंगाट कमी करण्यात ज्याने कीर्ती मिळवली, त्याचेच नाव आपण गोंगाटाला दिले. कोणाचे नाव कशाला जोडले जाईल, हे माणसाच्या हाती नसते.

हे ऐकून सारे हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण बोलता बोलता माझी नजर उजवीकडच्या त्या सामाईक भिंतीवर गेली होती. तिच्यापलीकडून कोणाचा तरी खोकला येत होता. तेव्हा वीस वर्षे मनात ठेवलेली एक गोष्ट मी त्या अंगणात सांगितली.

दीक्षेनंतरची माझी पहिली काही वर्षे होती. गाव कोणते, हे सांगण्याचे कारण नाही. सणाच्या आदल्या रात्री तरुणांचा कार्यक्रम होता. आमचा नेहमीचा संच लहान पडेल म्हणून बेसची दोन मोठी खोकी भाड्याने आणली होती आणि मिक्सरवर मी स्वतः बसलो होतो. दहाच्या सुमारास शेजारच्या घरातला एक लहान मुलगा आला. आजोबांना बरे नाही, आवाज थोडा कमी करा, असे त्याने सांगितले. मी लगेच कमी केला. पाच मिनिटांत पोरांनी ओरडा केला, “फादर, वाढवा!” आणि मी वाढवला. दुसऱ्या कोणी नव्हे, याच हाताने वाढवला. लोक आनंदात होते, मलाही आनंद होत होता. कार्यक्रम साडेबाराला संपला.

म्हातारबाबा पहाटेपूर्वी गेले. सकाळी मी त्या घरी गेलो. मुलाने मला खुर्ची दिली, पाणी दिले. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो म्हणाला, “रात्री बाबा काहीतरी सांगत होते, फादर. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. पण ऐकूच आलं नाही.”

मी पापनिवेदनात ही गोष्ट सांगितली आणि मला क्षमा मिळाली. परंतु त्या मुलाला त्याच्या वडिलांचे शब्द कोण परत देणार? संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात, गीताच्या अर्थापेक्षा गाण्याची गोडीच आपल्याला अधिक ओढते की काय, असा स्वतःचा झाडा घेतला आहे. सेमिनरीत ते वाचताना मला तो संतांचा अतिरेक वाटला होता. त्या सकाळनंतर तसे वाटले नाही.

आपण भिंतीच्या अलीकडे असतो, तेव्हा आपल्याला गाणे ऐकू येते. पलीकडच्या माणसाला गाणे मिळत नाही. याचे कारण ध्वनीच्या स्वभावात आहे. तार स्वर स्पीकरच्या तोंडासमोर सरळ जातात आणि भिंतीपाशी बरेचसे अडतात. खर्जाचे तसे नाही. ५० हर्ट्‌झच्या स्वराची एक लाट सुमारे सात मीटर लांब असते. ती सर्व दिशांना पसरते, कोपऱ्याला वळसा घालते आणि भिंतीतून आरपार जाते. म्हणून शेजाऱ्याच्या वाट्याला शब्द येत नाहीत, सूर येत नाहीत; येतात ते फक्त ठोके. आपल्या आनंदातला आनंद वगळून उरलेले सारे आपण त्याला देतो.

माझ्या हातून ते घडले, तेव्हा कायदा नव्हता असेही नाही. ध्वनिप्रदूषणाविषयीचे केंद्र शासनाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सहा. खासगी जागेत लावलेल्या संचाचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा, असेही त्यांत आहे. म्हणजे घराच्या कुंपणाशी दिवसा ६०, साधारण दोन माणसांच्या संभाषणाएवढा. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांना बळ दिले आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे स्पष्ट केले. हे शेवटचे वाक्य आम्हा पुरोहितांनीही, मग धर्म कोणताही असो, आपल्या मिक्सरपाशी लिहून ठेवावे असे आहे.

माझी गोष्ट ऐकून मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग स्वतःच म्हणाला, “फादर, करून पाहू.” मी येताना आमच्या सभागृहातला एक स्पीकर गाडीत टाकून आणला होता. त्याने तो प्रथम सवयीने भिंतीच्या कोपऱ्यात, जमिनीवर ठेवला आणि गाणे लावले. मी शेजारच्या घरात गेलो. तिथे एक वृद्ध आजी एकट्याच राहतात. खोकला त्यांचाच होता. त्यांच्या फडताळावरची भांडी बारीक थरथरत होती. मोबाइलवरचे डेसिबल मोजण्याचे साधन फार अचूक नसते, पण फरक दाखवायला ते पुरते. मी दारातून खुणा करत गेलो आणि तो बदल करत गेला. कोपरा दोन भिंतींच्या साह्याने खर्ज फुगवतो, म्हणून स्पीकर कोपऱ्यातून काढून अंगणाच्या मध्याकडे घेतला, स्टँडवर चढवला, तोंड आजींच्या भिंतीकडून वळवून आपल्याच घराकडे केले आणि खर्जाचे बटण बरेच उतरवले. भांडी स्थिरावली. मी आजींना विचारले, “आता कसं वाटतं, आजी?”

“गाणं आयकू येते बापा,” त्या म्हणाल्या, “पण आता छातीत धडधड नाही होत.”

मुलाने हे वाक्य भिंतीवरून ऐकले. त्या संध्याकाळी मी त्याला जे जे सांगितले, त्या सर्वांपेक्षा हे त्याच्या अधिक लक्षात राहिले आहे.

जमीन गहाण पडली नाही. आईची पोतही राहिली. सोयाबीनच्या पैशांतून वापरलेला कंट्रोलर आला, स्पीकरची जोडी वडिलांनी त्यांच्या ओळखीच्या दुकानातून थोड्या हप्त्यांवर आणली. मग दोन महिने सरावाचे. बहुतेक नृत्यगीतांत चार ठोक्यांचे एक आवर्तन असते आणि अशी आठ आवर्तने, म्हणजे बत्तीस ठोके झाले, की गाणे कूस बदलते. पुढचे गाणे त्या वळणावर आणले तर सांधा दिसत नाही. यंत्रात वेग आपोआप जुळवण्याचे बटण असते. ते झाकून ठेवून प्रथम कानाने जुळवायला शिक, असे मी त्याला बजावले. एका कानावर हेडफोनमधले येणारे गाणे, दुसरा कान अंगणातल्या चालू गाण्याकडे. हाउस संगीताचा वेग मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांच्या आसपास स्थिर असतो; आपली जुनी चित्रपटगीते मात्र माणसांनी वाजवलेली, श्वासासारखी कमीअधिक होणारी. ती ओढूनताणून जुळवू नयेत. एक संपू द्यावे, दुसरे सुरू करावे. मध्ये क्षणभर शांतता आली तर आभाळ कोसळत नाही. सराव ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावा. आदल्या रात्रीचा गर्व सकाळी उतरतो.

यजमानाशी आधी बसून बोलावे, हेही ठरले. पाहुणे कोण, वृद्ध किती, मुले किती, कोणते गाणे नको. पाहुणे येताना आवाज इतकाच असावा, की नातलगांना एकमेकांची विचारपूस करता यावी. तारीख, मानधन, आगाऊ रक्कम, वीज कोणाची आणि रात्री दहाला समाप्ती, एवढे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी व लग्नाशी निगडित समारंभांसाठी ध्वनिमुद्रित गाण्यांना सवलत आहे. हॉटेलातल्या व्यावसायिक पार्टीला ती लागू नाही, तिथे परवान्याची चौकशी करावी. स्वतःचे कानही जपावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास निर्धोक. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. कान ही या व्यवसायातली अशी वस्तू आहे, की ती बिघडली तर बाजारात दुसरी मिळत नाही.

पहिला कार्यक्रम बारशाचा होता. मला आमंत्रण होते, मी गेलो. सुरुवातीला त्याचे हात थरथरत होते; एक गाणे मध्येच तुटले, एकदा दोन गाणी एकमेकांवर आदळली. कोणी फारसे मनावर घेतले नाही. मग पाळण्याची वेळ झाली. बायका पाळण्याभोवती जमल्या आणि एका म्हातारीने कापऱ्या आवाजात पाळणा म्हणायला सुरुवात केली. पोरे मागून ओरडली, “माइक दे तिले, माइक!” त्याने क्षणभर विचार केला. मग आवाजाच्या दोन्ही पट्ट्या खाली आणल्या, माइक जागच्या जागी ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसला. अंगण हळूहळू शांत झाले. म्हातारीचा आवाज जेवढा होता तेवढाच सर्वांपर्यंत पोहोचला.

मला कानागावचे लग्न आठवले. तिथे द्राक्षारस सरत आल्याचे प्रथम एका पाहुण्या आईच्या ध्यानात आले होते. उत्सवात काय कमी पडते आहे, हे जिला दिसले, तिच्यामुळे त्या घराची लाज राहिली. कशाचा अतिरेक होतो आहे, हे ज्याला दिसते, तोही यजमानाची तेवढीच मोठी सेवा करतो.

त्याचा व्यवसाय जोरात चालला आहे, असे मी म्हणणार नाही. वरातीची मोठी कामे मोठ्या गाड्यांनाच मिळतात. “तुह्या डीजेत दम नाही,” असे सांगून दोन यजमान परतही गेले. पहिल्या हंगामात नऊ कार्यक्रम झाले आणि स्पीकरचे हप्ते तेवढे फिटले. दिवसा तो अजूनही घरोघरी वायरिंगची कामे करतो. वडिलांचे वावर मात्र त्यांच्याच नावावर आहे.

कार्यक्रम असेल त्या रात्री त्याचा मला एक फोन येतो. मी वाचत बसलेलो असतो. घड्याळात दहा वाजून एक-दोन मिनिटे झालेली असतात. पलीकडून भांड्यांचे, खुर्च्या उचलण्याचे आवाज येत असतात आणि तो एवढेच म्हणतो, “फादर, दहा वाजले. बंद केलं.”

मी बरे म्हणतो आणि फोन ठेवतो. मग थोडा वेळ दिवा मालवून बसतो. रात्र शांत असते आणि त्या शांततेत, वीस वर्षांपूर्वीच्या एका घरात कोणी काय सांगत असेल, ते ऐकण्याचा मी प्रयत्न करतो.